पन्नास लिटरचा आइस बॉक्स: दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत वापरून झाल्यावर

थंडीच्या सुट्ट्या आल्या की कोल्हापूरकराची गाडी आपोआप घाटाकडं वळते. दिवाळी झाली, नाताळ आला, मध्येच शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी मिळाली, की गगनबावडा नाहीतर फोंडा, आणि खाली मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला. आमचंही तसंच. त्यासाठी दिवाळीच्या तोंडावर एक मोठा आइस बॉक्स घेतला. जाड भिंतीचा, आत पफ (उष्णता अडवणारा फोम) भरलेला, खाली पाणी सोडायचं बूच, बाजूला दोन कड्या. पाच हजारांच्या घरात पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एवढ्या पैशांत बाजारात मिळणारे बहुतेक बॉक्स थोड्याफार फरकानं असेच असतात.

घेतला तो बिअरसाठी. ठेवलाय तो माशांसाठी.

आधी बिअरचं सांगतो. बॉक्स काही थंड करत नाही, थंड असलेलं थंड ठेवतो. हे ऐकायला सोपं वाटतं, पण दुकानातून कोमट बाटल्या उचलायच्या, वर पिशवीभर बर्फ ओतायचा आणि करूळ घाट उतरेपर्यंत सगळं पाणी झालं म्हणून बॉक्सला शिव्या घालायच्या, हे मी आजूबाजूला भरपूर बघितलंय. हिशेब असा आहे: एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. ६५० मिलीची बाटली ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायची तर काचेसकट ७५ किलोज्यूलच्या आसपास काढावे लागतात. म्हणजे किलोभर बर्फ चार कोमट बाटल्यांतच खलास. डझनभर बाटल्यांना तीन किलो बर्फ नुसता थंड करण्यात गेला, टिकवायला हातात काय उरलं? म्हणून आमच्याकडं बाटल्या आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये जातात. बॉक्सही आदल्या रात्री थोडा बर्फ टाकून बंद करून ठेवायचा, म्हणजे सकाळी त्याच्या भिंतीच बर्फ खात नाहीत.

बर्फ लादीचा घ्यायचा. चुरा भसाभस वितळतो कारण त्याला चहूबाजूंनी हवा लागते. एक मोठा तुकडा तळाला आणि मधल्या फटींत थोडा चुरा, ही आमची पद्धत. डिसेंबरात सकाळी कोल्हापुरातून निघालो तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लादीचा तुकडा शिल्लक असतो. एप्रिलमध्ये तोच बॉक्स, तेवढाच बर्फ, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नुसतं गार पाणी. जाहिरातीत ‘तीन दिवस बर्फ टिकतो’ असं छापलेलं आहे. टिकत असेल, झाकण न उघडता सावलीत ठेवला तर. पण पोरं पाण्याच्या बाटलीसाठी दर दहा मिनिटांनी झाकण उघडणार, तिथं तीन दिवस कसले?

बाटल्या गार करायच्या असतील तर वितळलेलं पाणी ओतून देऊ नका. बर्फाच्या खड्यांपेक्षा बर्फाच्या पाण्यात बाटली लवकर गार होते, कारण पाणी सगळीकडून चिकटतं. घाई असेल तर मूठभर मीठ. पण मग लक्ष ठेवावं लागतं. साधी पाच टक्क्यांची बिअर शून्याखाली दोन-अडीच अंशांवर गोठायला लागते आणि बाटली तडकू शकते.

प्यायचं कुठं, हाही बॉक्सच्या वापराचाच भाग. वाळूवर नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक जागी पिणं गुन्हा आहे, आणि खाली गोव्यात उतरलात तर तिथंही २०१९ पासून किनाऱ्यावर प्यायला दंड आहे. काचा वाळूत राहतात त्या वेगळ्याच. आम्ही उतरतो त्या घराच्या अंगणात सुरूची झाडं आहेत, समोर शंभर पावलांवर समुद्र. घरमालकीण काकूंना आधी विचारून तिथंच बसतो. डिसेंबरअखेर सूर्य सहा-सव्वासहाला पाण्यात जातो आणि त्यानंतरची अर्धा तास जी हवा सुटते ती कोल्हापूरच्या थंडीसारखी बोचरी नसते, अंगावर नुसतं एक पातळ पांघरूण टाकल्यासारखी असते. सोबत तळलेल्या मुडदुश्या (छोटे मासे), कधी तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं. बिअरबरोबर मला मुडदुशीच आवडते, सुरमई नाही. सुरमई भाताबरोबर खायची वस्तू आहे.

परतताना गाडी चालवणाऱ्याच्या वाट्याला सोलकढी. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्या वेळेला १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यात घाटातली वळणं. सोलकढी बॉक्समध्ये रात्रीपर्यंत चांगली राहते, नारळाचं दूध वर येतं तेवढं बाटली हलवून एक करायचं. बाहेर ठेवली तर दुपारीच आंबते. आणि गोव्याची स्वस्त बाटली बॉक्सच्या तळाला लपवून आणायचा विचार कुणाच्या मनात असेल तर सोडून द्या. परमिटशिवाय ती महाराष्ट्रात आणणं बेकायदा आहे, सीमेजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते, आणि बॉक्सच आधी उघडायला लावतात.

आता मासे. खरा पैसा इथं वसूल झाला.

मालवणला संध्याकाळी होड्या लागल्या की किनाऱ्यावरच लिलाव चालतो. आम्ही लिलावात पडत नाही, ते आपलं काम नव्हे. लिलावात मासे घेतलेल्या बाईकडून घेतो. पहिल्यांदा बॉक्स घेऊन गेलो तेव्हा मित्र म्हणाला, “आरं, फ्रीज उचलून आणलास काय?” मासेवाल्या मावशींनी मात्र झाकण उघडून बघितलं, बुचाला बोट लावलं आणि म्हणाल्या, “खाली-वर बर्फ घाला, पाणी साचाक देव नकात.” हे बाटल्यांच्या बरोबर उलटं आहे. बाटल्यांना पाणी हवं, माशाला पाणी नको. मासा वितळलेल्या पाण्यात पडून राहिला की पांढरा पडतो, मऊ होतो, चव पाण्यात जाते. म्हणून तळाला बर्फ, त्यावर जाळीचा ट्रे, मग मासे आणि चुरा यांचे थर, आणि बूच किंचित सैल. इथं लादी उपयोगाची नाही, चुराच हवा, माशाच्या अंगाला चिकटून बसणारा. वजनाला वजन: दोन किलो मासे, दोन किलो बर्फ. पोटातली घाण तिथंच साफ करून घ्यायची, तुकडे मात्र घरी.

बांगडा आणि सुरमईच्या बाबतीत हे चोचले नाहीत. हे मासे तासन् तास उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते तळून-शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, आणि माणूस म्हणतो ‘मासा बाधला’. मालवण ते कोल्हापूर, कसाल-कणकवली-तळेरे करत वर यायला चहा धरून चार तास सहज जातात. थर्माकोलच्या पेटीतून पूर्वी आणायचो तेव्हा डिकीत पाणी आणि आठवडाभर वास. या बॉक्समधून काढलेल्या बांगड्याचे डोळे घरी पोचल्यावरही फुगीर आणि कल्ले लाल होते. बायकोनं त्याचं तिरफळ घालून तिखलं केलं. शेजारच्यांनी त्याच माशात कांदा-लसूण चटणी ढकलली; कोल्हापूरकराला कुठं थांबायचं ते कळत नाही, एवढंच म्हणतो.

जाताना बॉक्स रिकामा नसतो. मसाला लावलेलं मटण आणि घट्ट दही खाली जातं, कारण आमच्या घोळक्यात समुद्रावर दुसऱ्या दिवशी पांढरा रस्सा मागणारे दोघे आहेत. त्यावर वेगळं लिहावं लागेल. कच्चं मटण घट्ट झाकणाच्या डब्यात आणि सगळ्यात खाली, हे मात्र पाळतो.

तक्रारी. भरल्यावर वजन तीस किलोच्या पुढं जातं, दोन माणसं लागतात. निवतीच्या किल्ल्यावरून भोगव्याचा किनारा बघायला चढलो तेव्हा बॉक्स गाडीतच, आणि वर पाण्याची एकेक बाटली. भिंती जाड असल्यामुळं बाहेरून अवाढव्य आणि आतून बेताचा. छोट्या गाडीची अर्धी डिकी खातो. खिट्टीत वाळू गेली की झाकण नीट बसत नाही, दर वेळी गोड्या पाण्यानं धुवावी लागते. बुचाचं रबर फेब्रुवारीतच गेलं. विक्रेत्यानं वॉरंटी झाकणाला आहे, रबराला नाही, असं ऐकवलं. शेवटी कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतून नळाचा साधा वायसर आणून बसवला, तो मूळच्यापेक्षा बरा निघाला.

वासासाठी: आधी गार पाण्यानं धुवायचं, गरम पाण्यानं नाही, नाहीतर माशाचा अंश प्लास्टिकला धरतो. मग खाण्याचा सोडा, मग लिंबाच्या साली घासून दिवसभर उन्हात. तरीही थोडा राहतोच. म्हणून पुढच्या थंडीआधी बाटल्यांसाठी वीस लिटरचा वेगळा छोटा बॉक्स घेणार आहे. चौघांचं कुटुंब असेल आणि मासे आणायचे नसतील तर तेवढाच घ्या, पन्नासच्या नादाला लागू नका.