चियांग माईत एकच दिवस असेल तर: दोई सुथेप की जुने शहर?

उत्तर थायलंडमधील चियांग माईला जाणारे बहुतेक जण डोंगरावरचे वाट फ्रा थात दोई सुथेप हे बौद्ध मंदिर (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर) आधी ठरवतात आणि उरलेल्या वेळात खंदकाने वेढलेले जुने शहर उरकतात. ज्यांना इतिहासात रस आहे, त्यांनी हा क्रम उलटा करावा, असे माझे मत आहे.

राजा मंगराईने १२९६ मध्ये लान ना राज्याची राजधानी म्हणून वसवलेल्या या चौकोनी शहरात सर्वाधिक वेळ वाट चेदी लुआंगला द्यावा. आज बँकॉकमध्ये असलेली पाचूची म्हणून प्रसिद्ध बुद्धमूर्ती पंधराव्या शतकात इथेच होती. १५४५ च्या भूकंपात या मंदिरातल्या स्तूपाचा माथा ढासळला, तो पुन्हा चढलाच नाही. त्यानंतर तेरा वर्षांतच शहर ब्रह्मी सत्तेखाली गेले. दोन शतकांहून अधिक काळाने ती सत्ता हटली, तरी युद्धांनी ओस पडलेले शहर पुन्हा वसवायला राजा काविलाला १७९६ पर्यंत थांबावे लागले. खंदकाकाठचा था फे दरवाजा मात्र विसाव्या शतकात नव्याने बांधलेला आहे, हे छायाचित्र काढणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

दोई सुथेपची स्थापना परंपरेनुसार १३८३ मधली: राजा कुएनाने बुद्धाचा अस्थिधातू पांढऱ्या हत्तीच्या पाठीवर ठेवून त्याला मोकळे सोडले आणि तो जिथे कोसळला तिथे स्तूप उभारला, अशी कथा आहे. मला त्याहून मोलाचा वाटतो तो वर जाणारा रस्ता. बँकॉकच्या संघव्यवस्थेशी ज्यांचे वारंवार खटके उडाले, त्या ख्रुबा सीविचाई या भिक्षूंच्या हाकेला प्रतिसाद देऊन हजारो लोकांनी श्रमदानाने तो १९३५ मध्ये काही महिन्यांत पूर्ण केला. लान ना सयाममध्ये (आजच्या थायलंडमध्ये) विलीन झाल्यावरही इथल्या माणसांची निष्ठा कुठे होती, हे त्यावरून कळते. पण शहराचा इतिहास आधी पाहिलेला असेल तरच.

दर्शन हाच हेतू असेल, तर अर्थातच डोंगर निवडावा. दोन्ही बाजूंना नागशिल्पे असलेल्या तीनशेहून अधिक पायऱ्या ज्यांना झेपणार नाहीत, त्यांच्यासाठी वर नेणारी यांत्रिक गाडी आहे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मात्र जाळलेल्या रानाचा आणि शेताचा धूर दरीत साचून वरून शहर दिसेनासे होते. त्या काळात केवळ देखाव्यासाठी वर जाऊ नये.