बंद पडलेल्या स्टुडिओचा गेम घेताय? पैसे कुणाकडे जातात ते आधी बघा

जुना गेम विकत घेताना वाटतं, ज्यांनी तो घडवला त्यांना चार पैसे मिळतील. स्टुडिओ बंद पडलेला असेल तर बहुतेक वेळा तसं होत नाही. प्रोग्रामर, चित्रकार, लेखक पगारावर काम करायचे. हक्क मात्र कंपनीच्या किंवा पब्लिशरच्या, म्हणजे पैसे लावून गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या नावावर. पब्लिशरने दिलेली आगाऊ रक्कम विक्रीतून वसूल झाल्यावरच स्टुडिओची रॉयल्टी सुरू व्हायची. कंपनी बुडाली की हक्क टेबल-खुर्च्यांसारखेच विकले जातात आणि पुढची कमाई ज्याच्या हाती कागद, त्याची.

'फॉलआउट' घ्या. तो घडवणाऱ्या इंटरप्ले कंपनीचा ब्लॅक आयल हा विभाग २००३ मध्ये बंद झाला. २००७ मध्ये इंटरप्लेने 'फॉलआउट'चे हक्क बेथेस्डा या कंपनीला ५७.५ लाख डॉलरना विकले. त्यामुळे आज पहिला 'फॉलआउट' घेतलात तर पैसे बेथेस्डाकडे, म्हणजे पर्यायाने तिची मालक असलेल्या मायक्रोसॉफ्टकडे जातात.

'सिस्टिम शॉक २'ची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १९९९ च्या या गेममागे इरॅशनल आणि लुकिंग ग्लास असे दोन स्टुडिओ होते. लुकिंग ग्लास मे २००० मध्ये बंद पडला. हक्क गेले एका विमा कंपनीकडे, नावाचा ट्रेडमार्क राहिला ईए या बड्या पब्लिशरकडे, आणि या गुंत्यात गेम कित्येक वर्षं अडकून पडला. स्टीफन किक यांना तो खेळायचा होता, पण विकत कुठे मिळेना. शोध घेत ते थेट विमा कंपनीपर्यंत पोचले, लायसन्स मिळवलं, नाइटडाइव्ह स्टुडिओज उभा केला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात आणला. त्या विक्रीतही नफा मूळ टीमचा नव्हताच. पण किक यांनी तो कष्टाने मिळवला, नुसते कागद कपाटात ठेवून नाही. विकत घेताना हाच फरक बघावा असं माझं ठाम मत आहे: गेम चालता ठेवण्यासाठी कोण राबतंय?

आता पर्याय. स्टीम आणि जीओजी या दोन्ही ऑनलाइन दुकानांत पैशांची वाटणी जवळपास सारखीच. स्टीमचा ठरलेला वाटा ३० टक्के, म्हणजे १० डॉलरच्या गेममागे ३ डॉलर दुकानाचे, उरलेले हक्कधारकाचे. खरा फरक तुमच्या हाती काय येतं यात आहे. स्टीमवर तुम्हाला लायसन्स, म्हणजे फक्त खेळायची परवानगी मिळते आणि बहुतेक गेम तुमच्या खात्याला बांधलेले असतात. कायद्याने जीओजीवरही लायसन्सच, पण तिथे डीआरएम, म्हणजे गेमला घातलेलं डिजिटल कुलूप नसतं. इन्स्टॉलरची फाइल उतरवून आपल्या डिस्कवर ठेवता येते आणि उद्या गेम दुकानातून काढला तरी ती चालते. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून जीओजीने काही निवडक जुने गेम नव्या कॉम्प्युटरवर चालते ठेवण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली आहे. गेम दोन्हीकडे असेल तर मी बिनदिक्कत जीओजी सांगेन.

सेकंडहँड डिस्क किंवा कार्ट्रिज घेतलीत तर सगळे पैसे विकणाऱ्याचे. मूळ टीमलाही काही नाही, हक्कधारकालाही नाही. संग्रहासाठी घेत असाल तर उत्तमच. खेळण्यासाठी घेत असाल तर आधी कॉपी-प्रोटेक्शन, म्हणजे नक्कल रोखणारी यंत्रणा कोणती आहे ते तपासा. २००० च्या आसपासच्या पुष्कळ पीसी गेमच्या डिस्कवर सेफडिस्क नावाचं कॉपी-प्रोटेक्शन असायचं. त्याचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने बंद केला. त्यामुळे अस्सल, एक ओरखडा नसलेली डिस्क घालूनही गेम सुरूच होत नाही. कार्ट्रिजमध्ये सेव्ह केलेला खेळ टिकवणारी बारीक बॅटरी असेल तर ती बदलून घ्यावी लागू शकते.

सबस्क्रिप्शनवर जुना गेम चाखून बघायला हरकत नाही; यादीतून गेला की संपलं.

रिमास्टरला, म्हणजे जुन्याच गेमच्या सुधारून पुन्हा काढलेल्या आवृत्तीला मात्र मी सरसकट नाही म्हणणार नाही. ईएने वेस्टवूड हा स्टुडिओ २००३ मध्ये बंद केला, पण 'कमांड अँड कॉन्कर'चा २०२० चा रिमास्टर पेट्रोग्लिफकडून करून घेतला, आणि पेट्रोग्लिफ ही वेस्टवूडमधूनच बाहेर पडलेल्या लोकांची कंपनी. संगीतकार फ्रँक क्लेपॅकीही परत आले. मोठा नफा ईएचाच असणार, तरी ज्यांनी गेम घडवला त्यांच्यातल्या काहींना पुन्हा काम मिळालं, मोबदला मिळाला. इतकंच नाही, मूळ गेमचा काही सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरनी लिहिलेला मजकूरही सर्वांसाठी खुला झाला. असा रिमास्टर असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी घ्यावा. दुकानाच्या पानावर डेव्हलपर (गेम घडवणारा) आणि पब्लिशर ही नावं वेगळी दिलेली असतात. डेव्हलपरच्या जागी जुन्या टीममधल्या लोकांची कंपनी दिसते का, ते बघायला मिनिटही लागत नाही.

काही गेमच्या बाबतीत निवडच नाही. मोनोलिथ या स्टुडिओचा २००० मधला 'नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर' पुन्हा आणायला नाइटडाइव्हने धडपड केली, पण वॉर्नर, अ‍ॅक्टिव्हिजन आणि फॉक्स या कंपन्यांमध्ये हक्क नेमके कुणाकडे याचा उलगडा झाला नाही. २०२५ मध्ये वॉर्नरने मोनोलिथही बंद केला. हा गेम डिजिटल दुकानांत विकत मिळत नाही. कायदेशीर प्रत हवी असेल तर जुनी डिस्कच शोधावी लागते.