अकरा महिने रंकाळ्यावर पक्षी मोजले: ई-बर्ड वापरल्याचा माझा अनुभव

गेल्या जूनमध्ये लेकीनं माझ्या फोनमध्ये ई-बर्ड हे पक्ष्यांच्या नोंदी करायचं ॲप टाकून दिलं आणि कालच मी माझी 214 वी यादी पाठवली, म्हणजे बघता बघता अकरा महिने झाले. इथं कोल्हापुरात रंकाळा तलावावर रोज भेटणारे कितीतरी जण विचारतात, वहिनी काय लिहिताय ओ रोज, पगार मिळतोय का त्याचा, मग दोन वाक्यात सांगून भागत नाही म्हणून आज निवांत बसून सगळं लिहिते. मी काही पक्षीतज्ज्ञ नाही. पतसंस्थेत नोकरी, सकाळी सहाला रंकाळा, साडेदहाला काउंटर. सुरुवात केली तेव्हा मला कावळा, चिमणी, साळुंकी, पोपट, घार, बगळा एवढंच येत होतं आणि बगळा तर सगळा एकच वाटायचा.

ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत. ई-बर्ड हा उपक्रम अमेरिकेतल्या कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी ह्या पक्षी अभ्यासणाऱ्या संस्थेनं 2002 मध्ये सुरू केला आणि आपल्याकडं बर्ड काउंट इंडिया नावाचा गट त्याचं काम बघतो. वापरायला सोपं आहे, चालायला लागलं की सुरू करायचं, वेळ आणि चाललेला रस्ता ते आपोआप धरतं, पक्षी दिसला की नावावर बोट ठेवायचं की आकडा एकनं वाढतो. मोजता आलंच नाही तर आकड्याच्या जागी एक्स टाकता येतं, पण मी शक्यतो टाकत नाही, चुकत माकत का होईना मोजतेच. नेटवर्क नसलं तरी चालतं, पण त्यासाठी आपल्या भागातल्या पक्ष्यांची यादी आधी घरातून डाउनलोड करून ठेवावी लागते, हे लक्षात ठेवा, दाजीपूरच्या जंगलात जाऊन आठवून उपयोग नाही.

आता मुद्दा. पहिले दीड महिने मी हे चुकीचं वापरलं. काहीतरी वेगळं दिसलं तरच लिहायचे, खंड्या दिसला लिहिला, शेकाट्या दिसला लिहिला, साळुंक्या आणि कावळे कोण लिहिणार असं वाटायचं. यादी पाठवताना शेवटी ॲप एक प्रश्न विचारतं, जेवढे पक्षी ओळखता आले तेवढे सगळे लिहिलेत का, हो की नाही. मी सरळ हो म्हणून पुढं जायचे. लेकीनं एक दिवस बघितलं आणि म्हणाली, आई तुझ्या यादीप्रमाणं रंकाळ्यावर एक पण कावळा नाही.

मला ते तेव्हा नीट कळलं नव्हतं, कळलं जुलैच्या शेवटाला. पाऊस लागून राहिला होता आणि घरी आमचे हे सकाळ संध्याकाळ एकच बघत होते, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटावर गेली. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, हे कोल्हापूरच्या पोराबाळांना पण पाठ असतं, 2019 च्या महापुरापासून तर जास्तच. आणि मला एकदम वाटलं की 39 या आकड्याला अर्थ आहे कारण नदी शांत असते तेव्हाची पण पातळी कोणीतरी लिहून ठेवलेली असते. फक्त पूर आला त्याच दिवशी मोजलं असतं तर पाणी चढतंय का उतरतंय हे कशावरून कळणार होतं? पक्ष्यांचं पण अगदी तेच आहे की. रोजच्या साळुंक्या आज 40, उद्या 35, असं कोणीतरी लिहीत राहिलं तरच उद्या त्या कमी झाल्या हे कळेल. आणि सगळे लिहिले असं मी खरेपणानं सांगितलं असेल तरच, जो पक्षी यादीत नाही तो त्या वेळात त्या जागी मला दिसला नाही असा अर्थ निघतो. म्हणजे न दिसणं ही पण नोंद होते. त्या दिवशी रात्री बसून जुन्या सगळ्या याद्या काढल्या आणि त्यातलं ते हो बदलून नाही केलं, 31 याद्या होत्या.

हे सगळं जातं कुठं हा दुसरा प्रश्न लोक विचारतात. ऑगस्ट 2023 मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला, त्यात 942 जातींचा आढावा आहे आणि तो 30 हजारांवर पक्षी बघणाऱ्यांच्या 3 कोटी नोंदींवर उभा आहे, बहुतेक नोंदी ह्याच ई-बर्डवरच्या. त्यातल्या 338 जातींचा लांबच्या काळातला कल काढता आला आणि त्यातल्या 204 जाती घटल्यात. 178 जातींकडं तातडीनं लक्ष द्यायला पाहिजे असं म्हटलंय. मोर आणि कोकीळ मात्र वाढलेत, कोकिळेचं मला आमच्या गल्लीतच पटतं, पहाटे साडेचारपासून झोपू देत नाही. मी हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला खरंच, कारण ह्या 3 कोटी नोंदी म्हणजे कोणी ना कोणी असंच सकाळी उठून कुठल्यातरी तळ्यावर उभं राहिलेलं माणूस आहे.

आता रंकाळ्यावरची एक सकाळ सांगते, कारण मोजायला लागल्यावर बघणं कसं बदलतं ते मला असं नुसतं सांगता येत नाही. नोव्हेंबरात शालिनी पॅलेसच्या बाजूला कडेच्या गवतात एक जांभळी पाणकोंबडी होती, माझ्यापासून पंधरा एक फुटांवर. आधी मी नुसती एक म्हणून टिक केली असती आणि पुढं गेले असते. पण अजून आहेत का हे मोजायला थांबले आणि बघते तर हिनं चोचीनं एक पाणगवताचा दांडा बुडातून उपटला, मग एका पायावर उभी राहिली, दुसऱ्या पायाच्या त्या लांबच लांब लाल बोटांत दांडा मुठीत धरल्यासारखा धरला आणि तोंडाजवळ नेऊन वरची साल सोलून आतला पांढरा गाभा खायला लागली. पोरं उसाचं कांडं धरून खातात ना, तसंच. मागून दोन पिल्लं आली, काळपट, आणि तिनं एक तुकडा त्यातल्या एकाच्या चोचीत दिला. मी बारा मिनिटं हललेच नाही. इतकी वर्षं रंकाळ्यावर चालतेय, कधी बघितलं नव्हतं. यादीत तीन लिहिल्या आणि शेरा म्हणून पिल्लं लिहिली.

मोजण्यावरून एकदा ईमेल पण आली. डिसेंबरात कळंबा तलावावर वारकऱ्यांचा मोठा थवा होता, वारकरी म्हणजे ते काळे पाणपक्षी, कपाळावर पांढरा टिळा असलेले, काही लोक चांदवा म्हणतात. मी अंदाजानं 600 लिहिले. आकडा त्या भागासाठी जास्त वाटला की ॲप लगेच विचारतं, खात्री आहे का, थोडं लिहा. मी लिहिलं, खूप होते. चार दिवसांनी नोंदी तपासणाऱ्यांपैकी एकांची ईमेल, हे तपासणारे पण आपल्यासारखे स्वयंसेवकच असतात, अगदी नम्रपणे विचारलं होतं की कसे मोजले ते सांगाल का. मी खरं ते सांगितलं की मोजले नाहीत, वाटलं म्हणून लिहिलं. त्यांनी पद्धत सांगितली, आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे, ते दहा किती जागा घेतात ते डोळ्यात धरायचं आणि मग तसे किती तुकडे बसतात ते बघायचं. पुढच्या रविवारी परत गेले, दोनदा मोजले, एकदा 180 आले आणि एकदा 190. पहिला आकडा काढून टाकला. 600 आणि 190 मध्ये केवढा फरक आहे बघा, आणि माझ्या त्या 600 वरून कोणी पुढच्या वर्षी म्हणालं असतं की कळंब्याचे वारकरी घटले तर? घारींचं पण असंच, त्या गोल फिरून परत येतात, म्हणून एका वेळी जास्तीत जास्त जेवढ्या दिसल्या तेवढ्याच लिहायच्या.

आवाजावरून ओळखणारी ॲप पण मिळतात, नाव घेत नाही, त्यातलं एक मी वापरते आणि मदत नक्की होते, पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. डिसेंबरच्या शेवटी आम्ही दाजीपूरला गेलो होतो, राधानगरी अभयारण्य, गवे बघायला म्हणून सगळे गेले होते आणि मी कान लावून उभी. झाडीतून शिक्र्याचा आवाज आला, ॲपनं पण शिक्राच दाखवला, मी लगेच लिहिला. पण आवाज एकाच जागेवरून येत होता आणि मधेच वेगळीच शीळ, मधेच काहीतरी किरकिर, परत शिक्रा. दहा मिनिटं मान वर करून उभी राहिले तेव्हा फांदीवरून उडाला, काळाभोर, आणि शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकाला पिसांचे झुबके. भृंगराज! तो दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो हे वाचलं होतं पण माझ्या समोर काढेल असं वाटलं नव्हतं. शिक्रा खोडला, भृंगराज एक लिहिला. तेव्हापासून माझा नियम आहे, आवाज ॲपनं सांगितला तर तो फक्त इशारा समजायचा, एकतर स्वतःला ओळखता आला पाहिजे नाहीतर डोळ्यांनी दिसला पाहिजे.

त्रास काय झाला ते पण सांगते. माझ्या फोनमध्ये बॅटरी वाचवायची जी सेटिंग असते ती चालू होती आणि फोन खिशात गेला की जीपीएस बंद पडायचं, दोन किलोमीटर चालले तरी यादीत तीनशे मीटर दिसायचं. महिनाभर कळलंच नाही. सेटिंगमध्ये जाऊन ह्या ॲपपुरतं ते बंद करा आणि जवळ पॉवर बँक ठेवा. दुर्बिणीचा खर्च आहे, मी 8x42 ची जुनी घेतली, पण पहिले चार महिने दुर्बिणीशिवायच केलं, त्यामुळं त्यासाठी थांबू नका. मराठी नावांचा मात्र गोंधळ आहे आणि तो ॲपचा नाही, आपलाच. एकच पक्षी, कोणी वंचक म्हणतं, कोणी ढोकरी, कोणी भुरा बगळा. मी नोंद इंग्रजी नावानं करते आणि वहीत शेजारी आपल्याकडची सगळी नावं लिहून ठेवते, कारण ती नावं सांगणारी म्हातारी माणसं आता थोडीच राहिलीत.

फुलं, बेडूक, पतंग, फुलपाखरं ह्यासाठी मी आय-नॅचरलिस्ट वापरते, ते वेगळं आहे. तिथं फोटो टाकायचा आणि लोक ओळखून देतात, निदान दोन जणांचं आणि मत देणाऱ्यांतल्या दोन तृतीयांशांपेक्षा जास्त जणांचं जातीवर एकमत झालं की ती नोंद संशोधनाच्या दर्जाची धरतात. धोक्यातल्या जातींची जागा ते मुद्दाम धूसर करून दाखवतं, हे फार चांगलं आहे, कारण पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर एखादं दुर्मिळ कंदीलपुष्प, म्हणजे कंदिलासारखं फूल येणारं कंदाचं झाड, कुठं उगवलंय हे सगळ्या जगाला कळलं की कोणीतरी कंद उकरून नेणारच. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्राच्या लोकांनी ह्या कंदीलपुष्पांवर वर्षानुवर्षं काम केलंय, ते वाचलं की कळतं एकेक झाड किती मोलाचं आहे. पक्ष्यांच्या घरट्यांचं पण तसंच, फोटो टाकू नका, जागा सांगू नका, जवळ जाऊ नका. रंकाळ्यावर एकदा टिटवीच्या अंड्यांभोवती मोबाइल घेऊन सहा जण उभे होते आणि ती बिचारी डोक्यावर ओरडत फिरत होती, मी भांडले त्यांच्याशी.

मी केलेलं सगळ्यात साधं काम म्हणजे गावाकडची यादी. कागलच्या बाजूला सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, शेत आहे, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बांधावर एकाच जागी उभं राहून पंधरा मिनिटं मोजते. आबा खाटेवरून बघत बसतात. आबा सांगतात की त्यांच्या लहानपणी दसऱ्याला सगळी पोरं चास बघायला शिवारात जायची, चास म्हणजे नीलपंख, आणि हिंडावं लागायचं नाही, विहिरीजवळच बसलेला असायचा, उडाला की पंख असे निळेभोर उघडायचे. तेव्हा जोंधळा आणि भुईमूग होता, आता नजर जाईल तिथवर ऊस. त्या 2023 च्या अहवालात ज्या 14 जातींची धोक्याची पातळी नव्यानं तपासावी असं म्हटलंय त्यात हा नीलपंख आहे. मी वाचून दाखवलं तेव्हा आबा बराच वेळ काही बोललेच नाहीत.

ऑक्टोबरात दिसला नाही. नोव्हेंबरच्या यादीच्या अकराव्या मिनिटाला विजेच्या तारेवर एक दिसला, आबांना हाताला धरून बांधापर्यंत आणलं, तो खाली उतरला, काहीतरी उचललं, परत तारेवर. आबांना आता लांबचं नीट दिसत नाही पण पंख उघडले तेव्हा दिसले. त्यानंतर डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, नाही. परवाच्या रविवारी 19 जाती झाल्या, साळुंक्या 22, गायबगळे 14, कोतवाल 5, वेडे राघू 8. आबांनी खाटेवरूनच विचारलं, आला का गं? म्हटलं नाही आबा. सगळे लिहिलेत का ह्या प्रश्नाला हो म्हटलं आणि यादी पाठवली. पुढची जूनच्या पहिल्या रविवारी.