गारखेड्यातला स्पॅनिशचा वर्ग

छत्रपती संभाजीनगरात जर्मनचा वर्ग शोधावा लागत नाही, स्पॅनिशचा मात्र हुडकावा लागतो. मी चिकलठाण्याच्या एका औषध कंपनीत निर्यातीची कागदपत्रं बघते. पेरू, ग्वाटेमालाची पत्रं स्पॅनिशमध्ये येतात, म्हणून हा वर्ग लावला.

मॅडम मूळच्या परभणीच्या. दिल्लीला जेएनयूत स्पॅनिश शिकल्या, मग पीएचडीसाठी अमेरिकेत गेल्या. तिथं पीएचडी करतानाच पहिल्या वर्षाच्या मुलांना भाषा शिकवायला लावतात. पुढे बरीच वर्षं एकेका वर्षाच्या करारावर नोकरी, व्हिसाही त्याच नोकरीवर अवलंबून, आणि उशिरा कधीतरी कायम झाल्या. निवृत्त होऊन आता इकडे परत आल्यात.

तिथं त्यांच्या वर्गात मेक्सिकन घरांतली मुलं असायची. घरी फाडफाड बोलणारी. पण लिहायला बसली की स्वरांवरची आघातचिन्हं कुठं द्यायची कळत नसे, आणि आपली घरची भाषा अशुद्ध आहे ही लाज वेगळीच. त्या मुलांना शिकवण्यात मॅडमचा हात बसलाय आणि त्याचं सगळं फळ आम्हाला मिळतं. कुणी ‘काय करायलास?’ म्हटलं तर त्या सुधारत नाहीत. उलट चालू वर्तमानकाळ त्यांनी ‘आई जेवायली’ वरूनच समजावला. ‘मला आंबे आवडतात’ मध्ये क्रियापद आंब्यांप्रमाणे बदलतं, तसंच ‘मे गुस्तान लोस मांगोस’ मध्ये. इंग्रजीतून शिकताना मी इथंच अडकले होते. त, द चे उच्चार तर आपले आयतेच बरोबर येतात.

‘सेर’ आणि ‘एस्तार’ या ‘असणे’ साठीच्या दोन वेगळ्या क्रियापदांना मात्र मराठीचा आधार नाही. तिथं मॅडम घाई करत नाहीत, वाक्यामागून वाक्यं करून घेतात. मला ते फार आवडलं.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि लाइट गेली की ऐकण्याचा सराव बंद. रेकॉर्डिंग देत नाहीत, तास बुडला की वही दुसऱ्याकडून घ्यायची. तीन महिन्यांचे सहा हजार मला जास्त वाटले नाहीत, कारण प्रत्येकाचा निबंध त्या स्वतः लाल पेनानं तपासून देतात.

डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका इथं सोडवून घेत नाहीत. ते प्रमाणपत्र एकदा मिळालं की कायमचं चालतं, त्यामुळे ज्यांना ते हवंय त्यांनी तेवढी तयारी वेगळी करावी. उच्चार लॅटिन अमेरिकेचे शिकवतात. स्पेनला जाणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी तसं सांगावं, मॅडम तिकडच्या ‘थ’ उच्चाराचा सराव वेगळा घेतात.