सायनोची बिजागरी की पिनेची नायलॉन बिजागरी?

बाल्सा या हलक्या लाकडाच्या, रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाला एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी), शेपटीकडचे एलिव्हेटर आणि रडर हे हलते भाग जोडताना बहुतेक जण दोन पर्यायांपाशी अडतात: पातळ सायनो (झटपट चिकटणारा गोंद) शोषून घेणारी, जाड कापडासारखी दिसणारी चपटी बिजागरी आणि मधोमध तारेची पिन असलेली नायलॉनची बिजागरी. फोमच्या विमानाला चिकटपट्टी पुरते, म्हणून ते येथे घेतलेले नाही. गोल दांड्याच्या बिजागऱ्या मी एकाच मोठ्या विमानावर वापरल्या आहेत. तेवढ्यावरून मत देणे बरे नव्हे.

सोयीत सायनोची बिजागरी पुढे आहे, हे मान्य करावे लागते. पात्याने चीर पाडायची, सायनोचा रस खोलवर उतरावा म्हणून चिरेच्या मध्यावर दीड-दोन मिलिमीटरचे छिद्र घ्यायचे, बिजागरी दोन्हीकडे अर्धी-अर्धी सरकवायची आणि वरून-खालून पाच-सहा थेंब सोडायचे, की अर्ध्या तासात एका पंखाचे काम उरकते. फट अर्ध्या मिलिमीटरची राहते, त्यामुळे हवा निसटत नाही आणि फ्लटरची (वेगात हलता भाग थरथरण्याची) भीतीही कमी होते. याउलट नायलॉनच्या बिजागरीला चीर जाड लागते, मधली पिनेची गाठ बुडेल एवढी खाच कोरावी लागते आणि सगळ्या पिना एका रेषेत आल्या नाहीत तर एलेरॉन जड चालून सर्व्होवर (तो हलवणाऱ्या छोट्या मोटरवर) ताण येतो. ही बिजागरी इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाने, चिकटवतात. ते गाठीत शिरू नये म्हणून आधी गाठीला व्हॅसलीन लावायचे, ते लाकडाला मात्र लागू द्यायचे नाही. हे काम घाईच्या माणसाचे नाही.

तरीही सायनोच्या त्या सगळ्या सोयीची मदार एकाच गोष्टीवर आहे, आणि ती म्हणजे सायनो पाण्यासारखा पातळ असणे. आमच्या परभणीकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. उष्णतेने बाटलीतला सायनो हळूहळू घट्ट होतो आणि घट्ट सायनो बिजागरीत झिरपत नाही. एका उन्हाळ्यात मागवलेली बाटली रस्त्याने येताना कुठे किती तापली असेल, कोण जाणे. उघडली तेव्हा रस वाहत होता, पण तेलासारखा. मी तरीही वापरला. ओढून पाहिले तर जोड पक्का वाटला. तिसऱ्या उड्डाणात लूपमधून बाहेर पडताना उजवे एलेरॉन अर्धे निखळले आणि विमान नांगरलेल्या रानात ढेकळांवर जाऊन बसले. घरी चीर फोडून पाहिली, तेव्हा तीनपैकी दोन बिजागऱ्या काठाशी जेमतेम तीन मिलिमीटर भिजलेल्या होत्या आणि आतला भाग नव्यासारखा कोरडा पांढरा होता. चूक माझीच होती, हे खरे. पण चिरेच्या आत काय झाले आहे ते बाहेरून कळत नाही, ही गोष्ट त्या दिवसापासून माझ्या मनातून गेली नाही.

इपॉक्सीचे तसे नाही. चीर भरली की ते काठाने बाहेर येते आणि आपल्याला दिसते. पाच मिनिटांचे इपॉक्सी आमच्या उन्हाळ्यात कपातच घट्ट होऊ लागते, म्हणून तीस मिनिटांचे घ्यावे आणि सकाळी लवकर बसावे. ते वाळल्यावर बिजागरीच्या प्रत्येक पानातून (चिरेत गेलेल्या पट्टीतून) आरपार बारीक छिद्र घेऊन बांबूची काडी ठोकली, की बिजागरी केवळ गोंदाच्या भरवशावर राहत नाही. फट थोडी जास्त राहते, हे खरे. खालच्या बाजूने पारदर्शक पट्टी लावून मी ती बंद करतो.

पुण्याच्या किंवा कोकणाच्या हवेत राहणाऱ्यांना माझी ही धास्ती अतिशयोक्तीची वाटू शकेल. किलोच्या आतल्या इलेक्ट्रिक विमानावर, बाटली ताजी असेल आणि आधी टाकाऊ बाल्सावर एक बिजागरी बसवून, फोडून पाहिली असेल, तर मीही सायनोच वापरतो. इंजिनाच्या ट्रेनरवर (उडवायला शिकण्याच्या विमानावर) मात्र आता वापरत नाही. शिवाय पिन ओढून काढता येणारी नायलॉनची बिजागरी घेतली, तर ढेकळात मोडलेले एलेरॉन पंखाला हात न लावता उतरवता येते. सायनोचा जोड कापावाच लागतो. गेल्या हंगामात मी दोन एलेरॉन असेच उतरवून दुरुस्त केले, पिना मात्र अजून त्याच आहेत.