वसमत रोडची गिरणी आणि पाहुण्यांची चौकशी

परभणीत वसमत रोडला आमच्या गल्लीत जी पिठाची गिरणी आहे, तिथं मी 11 वर्षांपासून दळण टाकते. आमच्या घरी भाकरीला मालदांडी ज्वारीच लागते. पीठ दळताना जास्त तापलं की त्याची विरी म्हणजे चिकटपणा जातो आणि भाकरी थापतानाच तुटते. म्हणून गिरणीवाले काका घाई करत नाहीत, दगडाला वेळच्या वेळी टाकी लावून, म्हणजे खाचा पाडून घेतात. सकाळी ज्वारी-बाजरी, दुपारी गहू आणि हरभऱ्याची डाळ सगळ्यात शेवटी, त्यामुळं कुणाच्या ज्वारीत बेसन येत नाही. डबा दळायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा काट्यावर ठेवतात. बसायला मात्र जागा नाही. चैत्र-वैशाखात त्या पत्र्याखाली उभं राहवत नाही, काकांनी एक बाकडं तरी टाकावं.

पण आज लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणानं. माझ्या मुलाला वसमतहून स्थळ आलं. मुलगा बँकेत आहे, तिथं त्याला सगळे शांत म्हणतात. मुलीचे मामा बँकेत गेलेच नाहीत. आमच्या घरी यायच्या आधी तासभर गिरणीत उभे होते.

संध्याकाळी काकांनी स्वतःहून सांगितलं, "ताई, तुमच्या पोराची चौकशी केली त्यांनी. मी दोन्ही सांगितलं."

दोन्ही म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. दोन वर्षांखाली पीठ 200 ग्रॅम कमी भरलं म्हणून माझा मुलगा गिरणीतल्या पोरावर सगळ्यांसमोर ओरडला होता, डब्याचं झाकण आपटलं होतं. पीठ कापडी नळीत अडकलं होतं, ते झटकल्यावर खाली पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत गेला आणि रांगेतल्या बायांसमोर त्या पोराला म्हणाला, "तुझी चूक नव्हती, माझीच होती."

आमच्या डब्याचं झाकण एका बाजूनं चेपलेलं आहे. ते हातातून पडलं असेल, असंच मी धरून चालले होते.

आधी मला काकांचा राग आला. लग्नाचं बोलणं चालू असताना पहिली गोष्ट गिळली असती तर काय बिघडलं असतं? पण रात्री वाटलं, पहिली गिळली असती तर दुसरीवर पाहुण्यांनी विश्वास का ठेवला असता? बैठकीत मुलीच्या मामांनी पगार विचारलाच नाही. "त्या लेकराला तुम्ही काय म्हणालात, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय," एवढंच म्हणाले. मुलानं मान खाली घालून सगळं सांगितलं. होकार तिथंच मिळाला.

दळणाचा दर किलोला 6 रुपये आहे. मिरची-हळदीचं कांडप इथं होत नाही. लग्नाचा 40 किलो गहू मी टाकलाय आणि काकांनी बुधवारची दुपार दिलीय, तेव्हा गल्लीतल्या बायांनी बुधवारी गव्हाचं दळण आणू नये.