टेस्टडिस्क, एक पेनड्राइव्ह आणि सुरू न होणारा संगणक: परभणीतील नऊ महिन्यांच्या वापरानंतर

परभणीत माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, शाळांची प्रगतिपुस्तके आणि निवडणूक आली की पत्रके, एवढाच व्याप. पण बारा वर्षांचे सगळे काम एकाच संगणकाच्या १ टीबी हार्ड डिस्कवर साठलेले होते. मागच्या एप्रिलमध्ये, अक्षय्य तृतीया आठ दिवसांवर आलेली असताना, एका दुपारी लागोपाठ दोनदा वीज गेली. यूपीएसची बॅटरी आधीच निकामी झालेली होती आणि ते मला माहीतही होते. त्यानंतर बटण दाबले तेव्हा विंडोज १० उघडण्याऐवजी निळा पडदा आला, त्यावर ‘अनमाउंटेबल बूट व्हॉल्यूम’ असे शब्द होते, आणि पुढे संगणक स्वतःच दुरुस्तीचा प्रयत्न करून पुन्हा त्याच पडद्यावर येत राहिला. ज्या दुरुस्तीवाल्याकडे तो नेला, त्याने पाच मिनिटांत निदान केले: फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल.

नांदेडला अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याला फोन केला, तेव्हा त्याने एकच वाक्य सांगितले: “मामा, आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत उतरवून घ्या, दुरुस्ती नंतर.” त्याच्याच सांगण्यावरून टेस्टडिस्क हा प्रोग्राम हाती आला. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत मी तो स्वतःच्या आणि ओळखीच्या मिळून चार संगणकांसाठी बाहेर काढला. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

टेस्टडिस्क हा बिघडलेल्या डिस्कवरील हरवलेले विभाग आणि फाइली परत मिळवण्याचा, क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेला, जीपीएल या मुक्त परवान्याखालचा पूर्णपणे मोफत प्रोग्राम आहे. तो विंडोजवरही चालतो. पण ज्या संगणकाचे विंडोजच उघडत नाही तेथे त्याचा उपयोग कसा करायचा, हा पहिला प्रश्न असतो. त्यासाठी मी ‘सिस्टमरेस्क्यू’ नावाचे लिनक्स दुसऱ्या संगणकावर उतरवून घेतले आणि रुफस या पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवले. त्यात टेस्टडिस्क, डिस्कची प्रत काढणारा डीडीरेस्क्यू आणि डिस्कची प्रकृती सांगणारा स्मार्टसीटीएल हे तिन्ही आधीपासून असतात. पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, अनोळखी प्रणालीला सुरू होऊ न देणारे सिक्युअर बूट बंद करावे लागले. खर्च झाला तो फक्त बाहेरून जोडायच्या २ टीबी डिस्कचा, आणि तो टाळण्याचा विचारही करू नये.

आता बिघाड नेमका कशात होता ते सांगतो, कारण ते समजल्याशिवाय या प्रोग्रामचे मोल कळत नाही. आपल्याकडे शेताची नोंद तलाठ्याच्या दप्तरात असते. दप्तराचे पान फाटले म्हणून शेत कुठे जात नाही, पण कोणता गट कुठून कुठपर्यंत, हे सांगणारे कोणी उरत नाही. विंडोज डिस्कवर फाइली ज्या पद्धतीने मांडते त्या एनटीएफएसमध्ये हे दप्तर म्हणजे मास्टर फाइल टेबल (एमएफटी). प्रत्येक फाइलची आणि फोल्डरची त्यात साधारणपणे १०२४ बाइटची एक नोंद असते, आणि पहिली नोंद ही त्या टेबलाची स्वतःचीच असते, म्हणजे बाकीचे दप्तर डिस्कवर कुठे पसरले आहे ते ती सांगते. तीच बिघडली तर लाखो फाइली जागच्या जागी सुखरूप असूनही विंडोजला एकही दिसत नाही. रचनाकारांनी याची तजवीज करून ठेवली आहे: पहिल्या चार नोंदींची प्रत डिस्कवर दुसरीकडे ‘मिरर’ म्हणून राहते, आणि बूट सेक्टरची, म्हणजे डिस्कच्या विभागातील (पार्टिशनमधील) अगदी पहिल्या लहान तुकड्याची, प्रत त्याच विभागाच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये असते. एनटीएफएस आपल्या बदलांची रोजकीर्दही ठेवते, म्हणून वीज गेल्यावर बहुतेक वेळा ते आपोआप सावरते. पण डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, अडकलेले लिखाण अर्धवट राहिले की ती रोजकीर्दही अपुरी पडते. माझ्याकडे हेच झाले असावे.

पहिल्या रात्री मी काहीही दुरुस्त केले नाही. आधी स्मार्टसीटीएलने डिस्क तपासली. त्यातील ५ क्रमांकाचा आकडा बदललेल्या सेक्टरांचा आणि १९७ क्रमांकाचा वाचता न येणाऱ्या, निर्णयाच्या प्रतीक्षेतील सेक्टरांचा असतो. दोन्ही शून्य होते, म्हणजे डिस्क धडधाकट होती आणि बिघाड केवळ नोंदींचा होता. तरीही डीडीरेस्क्यूने संपूर्ण डिस्कची सेक्टरनिहाय प्रत २ टीबीच्या डिस्कवर घेतली. यूएसबी ३ च्या सॉकेटवर सेकंदाला सुमारे १०० एमबी वेग मिळाल्याने तीन तासांच्या आत काम झाले; जुन्या यूएसबी २ वर याला नऊ-दहा तास लागतात. येथे एक सावधगिरी: बाहेरची डिस्क एफएटी३२ पद्धतीची असेल तर तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही, त्यामुळे ती आधीच एनटीएफएस किंवा लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीची करून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी विंडोजच्या पेनड्राइव्हवरून चेकडिस्क हे विंडोजचेच डिस्क तपासून दुरुस्त करणारे साधन चालवून पाहिले. त्या दुरुस्ती पडद्यात ड्राइव्हची अक्षरे बदललेली असतात. नेहमीचा ‘सी’ तेथे ‘डी’ झाला होता आणि मी आधी भलत्याच विभागावर आज्ञा दिली होती. डिस्कपार्ट या विंडोजच्याच साधनात विभागांची यादी पाहून योग्य अक्षर दिल्यावर चेकडिस्क मास्टर फाइल टेबल बिघडल्याचे आणि ते परत उभे करता येत नसल्याचे सांगून थांबले. मग टेस्टडिस्क उघडले. त्यात माऊस नाही, चित्रे नाहीत, फक्त काळ्या पडद्यावरची इंग्रजी अक्षरे आणि बाणांच्या कळा. डिस्क निवडली, डिस्कवरील विभागांची नोंद ठेवणाऱ्या विभाजन तक्त्याचा जो प्रकार त्याने स्वतः सुचवला तोच स्वीकारला, ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन विंडोजचा विभाग निवडला आणि ‘बूट’वर गेलो. बूट सेक्टर ठीक, त्याची प्रतही ठीक. तेथील ‘रिपेअर एमएफटी’ निवडल्यावर मूळ टेबल आणि मिरर जुळत नसल्याचे सांगून मिररवरून दुरुस्त करू का, असा प्रश्न आला. ‘वाय’ दाबायला मला बराच वेळ लागला, हे कबूल करतो. दुरुस्तीला एक क्षण लागला. त्यानंतर ‘लिस्ट’मध्ये माझी फोल्डरे एकाखाली एक दिसू लागली. मग पुन्हा चेकडिस्क चालवले. या वेळी ते तिन्ही टप्पे पूर्ण करून थांबले, ज्यांचे नाव-गाव लागले नाही असे ३७ तुकडे ‘फाउंड.०००’ या लपलेल्या फोल्डरमध्ये टाकले, आणि विंडोज उघडले. त्या दुपारी उघड्या असलेल्या दोन पत्रिका गेल्या. त्या पुन्हा जुळवल्या.

या यशाने हुरळून जाऊन मी सुरुवातीला ‘अॅनलाइझ’ आणि ‘राइट’ या पर्यायांशीही खेळलो, सुदैवाने प्रतीवर. विभागच हरवला असेल तर हे पर्याय अमोल आहेत. पण विभाग जागेवर असून फक्त डिरेक्टरी, म्हणजे फाइलींचे दप्तर, बिघडली असेल तर ‘राइट’ दाबून चांगला तक्ता उगाच बदलण्याचा धोका असतो, आणि प्रोग्राम फारशी समजूत न घालता तुमचे म्हणणे ऐकतो. माझी मुख्य तक्रार याचबद्दल आहे. दुसरी तक्रार मराठी माणसाची: साध्या काळ्या पडद्यावर देवनागरी नावे वाचताच येत नाहीत. माझ्या फाइलींची नावे गावांवरून आणि आडनावांवरून ठेवलेली असल्याने कोणती कोणाची, हे प्रत काढून झाल्यावर विंडोजमध्ये उघडल्यावरच कळले. नावे मात्र तेथे शाबूत होती.

दुसरा संगणक मोंढ्यातील एका आडत दुकानाचा, सोयाबीनच्या ऐन आवकेत बंद पडलेला. बाहेरून लक्षण तेच, पण १९७ क्रमांकाचा आकडा तीनशेच्या वर होता आणि डिस्क टकटक करत होती. अशा डिस्कवर चेकडिस्क चालवणे म्हणजे लंगड्या बैलाला चिखलात औताला जुंपणे. ते सगळे सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायला लावते आणि वर डिस्कवर लिहितेही. म्हणून दुरुस्तीचा विचारच केला नाही. डीडीरेस्क्यू दोन रात्री चालवले. मधे वीज गेली तेव्हा काम वाया गेले नाही, कारण कुठपर्यंत वाचले याची नोंद ते वेगळ्या मॅप फाइलमध्ये ठेवते आणि तेथूनच पुढे सुरू होते. हा गुण आमच्याकडच्या विजेसाठीच घातला असावा, असे वाटून गेले. नंतर टेस्टडिस्कला डिस्कऐवजी ती प्रत उघडून दिली, ‘लिस्ट’मध्ये हिशेबाचे फोल्डर शोधले आणि ‘सी’ कळ दाबून नवीन एसएसडीवर उतरवले. डिरेक्टरी दुरुस्त न करताच फाइली काढता येतात, ही टेस्टडिस्कची सोय मला एमएफटीच्या दुरुस्तीपेक्षाही जास्त मोलाची वाटते.

तिसऱ्या वेळी हात टेकावे लागले. सेवा केंद्र चालवणाऱ्या एका मित्राच्या संगणकावर माझ्याकडे येण्यापूर्वीच विंडोज नव्याने टाकलेले होते, म्हणजे जुन्या दप्तरावर नवे दप्तर लिहिले गेले होते. टेस्टडिस्कसोबतच येणाऱ्या फोटोरेकने काही हजार पीडीएफ आणि फोटो बाहेर काढले खरे, पण ते फाइलची नावे न पाहता केवळ आतील खुणांवरून शोधत असल्याने सगळ्यांना आकड्यांची नावे मिळाली. कोणता उतारा कोणत्या शेतकऱ्याचा, हे एकेक फाइल उघडून पाहण्यात त्याचे तीन आठवडे गेले.

चौथा, जिंतूरचा, तर डिरेक्टरीचा मामलाच नव्हता. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता, त्यामुळे बायोसमधील साटाची, म्हणजे डिस्क जोडणीची, पद्धत बदलून विंडोज निळ्या पडद्यावर अडकले होते. सेल बदलून सेटिंग पूर्ववत केल्यावर तो सुरू झाला. टेस्टडिस्क उघडण्यापूर्वी बायोसमध्ये तारीख बरोबर आहे का आणि डिस्क दिसते का, एवढे मी आता आधी पाहतो.

यूपीएसला नवी बॅटरी बसवली आहे, आणि दिवाळीपासून माझाही संगणक एसएसडीवर आहे. तो वेगवान झाला. पण पुसलेल्या फाइलींची जागा रिकामी करून टाकणाऱ्या ट्रिम या सोयीमुळे एसएसडीवर पुसलेली फाइल बहुधा लगेचच कायमची जाते, त्यामुळे टेस्टडिस्कचा पुसलेल्या फाइली परत आणण्याचा पर्याय तेथे जवळपास निकामी ठरतो. म्हणून जुनी १ टीबी डिस्क फेकलेली नाही. दर शनिवारी दुकान बंद करताना आठवड्याचे काम तिच्यावर उतरवतो आणि मग तिची केबल काढून ठेवतो.